बांधलेले दही आणि उसना गारवा

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती चैत्र-वैशाखात हातगाड्यांची दाटी झाली की दोन वस्तू हटकून नजरेत भरतात. एक, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. दुसरी, लस्सीवाल्याच्या पुढ्यातले दही. दही आसपासच्या गोठ्यांतले, लादी कारखान्यातली. या दोहोंच्या संयोगातून जो पदार्थ होतो त्याला हल्ली ‘फ्रोझन योगर्ट’ म्हणतात, आणि ‘आरोग्यदायी’ हे विशेषण लावून तो घरोघरी करण्याची टूम निघाली आहे. मुले फळे घालून दह्याच्या वड्या गोठवतात, काड्या खोचून कुल्फ्या करतात. हा पदार्थ अमेरिकेतून आला, असे सगळेच धरून चालतात. मला ते निम्मेच खरे वाटते. दही घट्ट करण्याची विद्या आपल्या मुलखात किमान नऊशे वर्षांपासून लिखित स्वरूपात आहे. गारवा मात्र आपल्याला दर वेळी कुणाकडून तरी उसना घ्यावा लागला. गोठवलेल्या दह्याचा इतिहास हा दह्याचा कमी आणि गारवा कुणाच्या मालकीचा होता याचा अधिक आहे.

आधी दही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१च्या सुमारास (इ. स. ११२९) ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. मराठी साहित्याच्या अभ्यासकांना तो परिचित आहे तो ओवीच्या उल्लेखासाठी: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, हे त्यात नोंदवलेले आहे. त्याच ग्रंथाच्या भोजनप्रकरणात शिखरिणीही आहे. दह्यातले पाणी काढून टाकायचे, साखर घालायची, वेलदोड्याचा वास द्यायचा. म्हणजे आपले श्रीखंडच. ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. औरंगाबाद आणि बीदर १९५६पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, तेव्हा आमच्या मराठवाड्याला हा ग्रंथ परका नाही. ओवी आणि चक्का एकाच ग्रंथात भेटावेत, याचे मला फार अप्रूप वाटते. दोन्ही बायकांच्या हातांखालून गेलेल्या गोष्टी, आणि दोन्हींची नोंद राजाच्या नावावर.

सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त हीच शिखरिणी ‘रसाला’ या नावानेही येते. ती भीमाने रांधली आणि श्रीकृष्णाने आवडीने खाल्ली, अशी कथा तिथे जोडलेली आहे. वैद्यकाच्या ग्रंथाला अशी साक्ष लागावी, याची गंमत वाटते. तिच्यात वेलदोडा, लवंग आणि मिऱ्यांबरोबर कापूर आहे. बर्फ मिळत नव्हता तेव्हा जिभेला थंडावा भासवण्याचे काम कापूर करी. पदार्थाचे तापमान तसूभरही उतरत नसे. जिभेला फक्त तसे वाटे. चरकाने रात्री दही खाऊ नये असे बजावले आहे, आणि आमच्या गल्लीतही दिवेलागणीनंतर कुणी कुणाला विरजण देत नसे. दिवसाउजेडी मात्र ते भिंतीवरून सर्रास जायचे-यायचे. पलीकडच्या खालाजानच्या घरचे दही आमच्यापेक्षा घट्ट लागे. आईचे दही आंबट झाले की वाटी तिकडे जाई. रमजानात तीच वाटी उलट दिशेने येई.

आता गारवा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत माठ चांगलाच काम करतो. पाझरलेले पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, आणि हवा जितकी कोरडी तितके वाळणे वेगाने. मुंबईच्या दमट हवेत माठाचे पाणी असे गार होत नाही. माहेरवाशिणी मेमध्ये इकडे आल्या की पहिले कौतुक पाण्याचे करतात ते उगीच नव्हे. शिवाय मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहरासाठी नहर बांधली. डोंगरपायथ्याचे भूगर्भातले झरे गाठून पाणी जमिनीखालूनच खेळवत आणल्यामुळे त्याला ऊन लागत नसे. पण माठाचे आणि नहरीचे पाणी गार होते. गोठणे ही निराळीच पायरी.

त्या पायरीच्या जवळपास प्रथम दरबार पोहोचला. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजलने आबदारखान्याची कृती वजनासह दिली आहे. कथलाच्या किंवा चांदीच्या सुरईत शेरभर पाणी भरून तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता शोषून घेतो. ही कृती मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मुलांसमोर करून दाखवत असे. पाण्याचे तापमान भराभर उतरते, पण बर्फ काही होत नाही. याच सोऱ्याची बंदुकीची दारू होई. एक शेर पाण्याला अडीच शेर सोरा हा हिशेब बादशहालाच परवडणारा. पुढे १५८६च्या सुमारास बादशहाचा मुक्काम पंजाबात हलल्यावर लाहोरास डोंगरातून बर्फ येऊ लागला. उत्तरेकडच्या मैदानात थंडीच्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या ताटल्यांत पाणी ठेवून बर्फ धरण्याची युक्तीही होती. रॉबर्ट बार्करने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तिचे वर्णन ठेवले. खड्ड्यात वाळक्या उसाच्या चिपाडांचा थर आणि त्यावर ताटल्या, पहाटे उठून पापुद्रे गोळा करायचे. मोठे कष्टाचे काम, आणि बर्फ कष्टकऱ्याच्या घरी जात नसे.

मग गारवा जहाजातून आला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तिकडच्या तळ्यांवरचा बर्फ कापून १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ या जहाजाने कलकत्त्याकडे धाडला. सुमारे १८० टन भरला होता. चार महिन्यांनी सप्टेंबरात पोहोचेपर्यंत शंभरेक टन उरला. लाकडाचा भुसा हे त्याचे वेष्टन. शहागंजात लादीवर जो भुसा दिसतो त्याचे कूळ असे दूरवरचे आहे. १८३४ साली अमेरिकन बर्फ मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि यजमानांसह पाहुण्यांना पडसे झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली. थंड खाल्ले की सर्दी होते, हा आपल्या आयांचा सिद्धान्त छापील पुराव्याने निदान १८३४पर्यंत मागे नेता येतो. १८४६-४७च्या हिवाळ्यात वॉल्डनच्या तळ्यावर बर्फ कापणाऱ्या मजुरांना थोरो पाहत होता. हा बर्फ मद्रास, मुंबई, कलकत्त्याला जाणार, हे त्याला ठाऊक होते आणि त्याने ते लिहूनही ठेवले. १८७०च्या दशकात मद्रास आणि कलकत्त्याला यंत्रावर बर्फ होऊ लागला, तेव्हा हा व्यापार ओसरला.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, आणि घरगुती इतिहासात तिला मी अकबराच्या सोऱ्यापेक्षा मोठी मानते. ९ सप्टेंबर १८४३ रोजी नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईने हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याचे पेटंट घेतले. आपला लाकडी पिंपाचा ‘पॉट’ तो हाच. आत पत्र्याचा डबा, बाहेर फोडलेला बर्फ आणि खडेमीठ. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ असे प्रमाण साधले तर तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. सोऱ्याला हे कधीच जमले नसते. बर्फाबरोबर सोरा जास्तीत जास्त उणे तीनच्या आसपास थांबतो. दरबारी महागड्या रसायनाने जे साधले नाही ते मोंढ्यातल्या सर्वांत स्वस्त जिनसाने साधले.

आमच्याकडे असा पॉट होता. लादी शहागंजातून सायकलच्या कॅरिअरवर यायची, ती वितळायच्या आत घरी पोहोचवणे हे थोरल्या भावाचे काम. फिरवणे पाळीपाळीने. पाडव्याचे श्रीखंड उरले की आई ते दुधात सैल करून पॉटमध्ये ओती. त्याला नाव काही नव्हते. ‘गोठवलेले श्रीखंड’ म्हणत असू. पुढे फ्रीज आला (देशी बनावटीचा पहिला फ्रीज गोदरेजचा, १९५८चा; आमच्या गल्लीत तो पोहोचायला वीसेक वर्षे लागली) तेव्हा उरलेले श्रीखंड बर्फाच्या कप्प्यात जाऊ लागले. नेमक्या त्याच सुमारास, १९७०च्या दशकात, न्यू इंग्लंडमधल्या एच. पी. हूड या दूध कंपनीने ‘फ्रोगर्ट’ बाजारात आणले. बोस्टनच्याच परिसरातून आधी बर्फ आला आणि दीडेकशे वर्षांनी गोठवलेल्या दह्याचे नाव आले. वस्तू मात्र तोवर आमच्या फ्रीजमध्ये होती.

म्हणून ‘हे आपल्याकडचेच’ असे म्हणत छाती फुगवायला मी तयार नाही. जुन्या कृतीत एक अडचण आहे, आणि ती मला सासूबाईंच्या मधुमेहामुळे नीट कळली. चक्क्याइतकीच साखर हे श्रीखंडाचे रूढ प्रमाण. ते त्यांनी पंधरा वर्षे तोंडात घातले नव्हते. त्यांच्यासाठी साखर वगळून गोठवायला जावे तर वडीचा दगड होतो. याचे कारण साधे आहे. गाईच्या दुधाच्या दह्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते गोठताना स्फटिक होतात. साखर पाण्यात विरघळून गोठणबिंदू खाली ओढते, त्यामुळे काही पाणी गोठायचे राहते आणि घास मऊ लागतो. बाजारातल्या फ्रोझन योगर्टचा मऊपणा बऱ्याच अंशी साखरेचा असतो. पाकिटावर दही लिहिले म्हणून तो प्रकार पथ्याचा होत नाही.

साखर कमी करायची तर पाणी कमी करावे लागते. इथे सोमेश्वराचा फडका कामाला येतो. म्हशीच्या दुधाचे लिटरभर दही मलमलीत बांधून रात्रभर फ्रीजमध्येच टांगावे (बाहेर टांगले तर उन्हाळ्यात आंबते). साधारण निम्मे उरते. पाण्याबरोबर स्फटिकांचे भांडवल निघून जाते, आणि म्हशीच्या दुधातला स्निग्धांश उरलेले स्फटिक बारीक ठेवतो. दुकानात ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून महागात मिळते ते याच जातीचे. खाली पडलेले पाणी कणीक भिजवायला घ्यावे.

गोडीसाठी आमच्याकडे सीताफळ. दिवाळीच्या आगेमागे दौलताबादची सीताफळे शहागंजात टोपल्यांनी येतात. हे झाडही मूळ अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले आणि किल्ल्याच्या डोंगरउतारावर असे रुळले की आता कुणी त्याला परके म्हणणार नाही. सीताफळाचा गर शिजवला की कडवट होतो, म्हणून त्याला चुलीपेक्षा थंडीच मानवते. बिया हातानेच काढाव्यात, गर मिक्सरला लावू नये. एखादी बी फुटली तरी सगळे कडू. खजूर घातला की पदार्थ ‘बिनसाखरेचा’ झाला असे म्हणायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि सीताफळही मधुमेह्यांनी मोजूनच खायचे फळ आहे. दोन वाट्या चक्क्याला अर्धी वाटी गर, चिमूट मीठ, वेलदोडा. ताटलीत बोटभर जाडीचा थर पसरून गोठवावा, तुकडे करावेत आणि खाण्याआधी दहा मिनिटे बाहेर ठेवावेत. दह्यातले जिवाणू थंडीने सगळे मरत नाहीत. बरेचसे निपचित पडून राहतात आणि ऊब मिळाली की जागे होतात. सासूबाई दोन तुकडे खातात, जेवणानंतर, दुपारी. रात्री नाही; तिथे चरक आडवा येतो.

हे घरीच करावे असे मी म्हणते त्यामागे लादीचाही विचार आहे. पॉटमध्ये लादी डब्याच्या बाहेर असे. सरबतात आणि गोळ्यात ती थेट पोटात जाते. मासे-भाज्या टिकवण्यासाठीचा बर्फ खाण्यात मिसळला जाऊ नये म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अखाद्य बर्फ निळा करण्याचा नियम केला. तेव्हापासून शहागंजात मी लादीचा रंग बघूनच पुढे सरकते.

दही बांधण्याआधी त्यातले चमचाभर वाटीत काढून ठेवायचे, उद्याच्या विरजणाला. ती वाटी फ्रीजरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात.