राखावे की बदलावे : भोर-वेल्ह्याच्या मावळातील माणसे आणि किल्ले

हाताखालचा माणूस अपेक्षेला उतरेनासा झाला, की त्याला सांभाळून घ्यावे की त्याच्या बदल्यात दुसरा पत्करावा, हा प्रश्न माणसांच्या बळावर चालणाऱ्या प्रत्येक संघटनेपुढे येतो. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका संघाने आपल्या खेळाडूचा करार दुसऱ्या संघाकडे सोपवून त्याऐवजी दुसरा खेळाडू घेण्याची रीत पक्की रुजलेली आहे, आणि फॉर्म हरवलेल्या खेळाडूला ठेवावे की द्यावे यावर तेथे दर हंगामात वाद झडतात. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे) हाच प्रश्न सतराव्या आणि अठराव्या शतकांत राज्यकर्त्यांपुढे वारंवार उभा राहिला. फरक एवढाच, की तेथे पणाला लागलेली होती वतने, किल्ले आणि राज्याची पदे.

या प्रदेशातील माणसांचा प्रश्न समजण्यासाठी वतनाची कल्पना आधी ध्यानात घ्यावी लागते. वतन म्हणजे एखाद्या गावावर किंवा परगण्यावर वंशपरंपरेने चालणारा हक्क, आणि त्या हक्कासोबत येणारे काम. देशमुख हा परगण्याचा वंशपरंपरागत प्रमुख. वसुलीची व्यवस्था पाहणे आणि शिबंदी, म्हणजे स्थानिक पायदळ, बाळगणे ही त्याची कामे, तर देशपांडे त्याच परगण्याचे हिशेब आणि दप्तर सांभाळी. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर आणि उत्रवळीस खोपडे अशी घराणी नांदत होती. त्यांचे हक्क विजापूरच्या आदिलशाहीहून जुने किंवा निदान तिच्याइतकेच मुरलेले असल्यामुळे, नवे राज्य उभे करणाऱ्याला एखादा देशमुख पसंत नसला तरी त्याला उचलून त्याच्या जागी परका माणूस बसवणे जवळजवळ अशक्य होते. बेसबॉलचा खेळाडू एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ शकतो, पण देशमुखाचे बळ त्याच्या खोऱ्याबाहेर उरतच नसे.

हे बंधन असूनही शिवाजी महाराजांनी राखण्याचे आणि टाकण्याचे निर्णय कसे घेतले, हे 1659 च्या अफझलखान प्रसंगात स्पष्ट दिसते. त्या वर्षीच्या जून महिन्यात आदिलशहाचे फर्मान मावळातील देशमुखांकडे पोहोचले आणि खानाच्या सैन्यास सामील होण्याचा हुकूम त्यांना मिळाला. कान्होजी जेधे आपल्या पाच पुत्रांसह महाराजांकडे आले. फर्मान मोडल्याने वतन जाईल हे ठाऊक असूनही त्यांनी हातावर पाणी घेऊन वतनावर पाणी सोडले, असे जेधे घराण्याची परंपरा सांगते. उत्रवळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला मिळाले. त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला. त्यानंतर खोपड्यांसाठी कान्होजींनी रदबदली केली तेव्हा महाराजांनी त्यांचा जीव राखला, परंतु उजवा हात आणि डावा पाय तोडण्याची शिक्षा दिली. येथे खोपड्यांची शिक्षा अपयशाबद्दल नव्हती, फितुरीबद्दल होती, आणि हा भेद पुढील उदाहरणात अधिक ठळक होतो.

हिरडस मावळाचे बांदल प्रारंभी महाराजांच्या विरोधात होते. कृष्णाजी बांदल यांच्याशी झालेल्या संघर्षात त्यांचा पराभव झाला आणि रोहिडा किल्ला स्वराज्यात आला. हरलेल्या आणि विरोधात राहिलेल्या घराण्याचे मनुष्यबळ मोडून टाकावे, असा सल्ला त्या काळच्या राजनीतीत गैर मानला गेला नसता. तरीही बांदलांची शिबंदी आणि त्यांचे देशपांडे बाजी प्रभू यांना महाराजांनी आपल्या सेवेत घेतले. हिरडस मावळातील घाटवाटा जाणणारे पायदळ दुसरीकडून आणता येण्यासारखे नव्हते, आणि त्या पायदळाला बाजी प्रभूंसारखा पुढारी लाभला होता. या निर्णयाचे फळ 13 जुलै 1660 रोजी मिळाले. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणाऱ्या महाराजांचा पाठलाग होत असताना बाजी प्रभू आणि बांदलांचे लोक घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, उभे राहिले आणि महाराज गडावर पोहोचेपर्यंत त्यांनी वाट अडवून धरली.

त्यानंतर दरबारातील मानाचा प्रश्न निघाला. दरबारात तलवारीचे पहिले पान, म्हणजे शौर्याच्या मानात पहिला क्रमांक, जेध्यांकडे होते. घोडखिंडीनंतर तो मान बांदलांना देण्याचे ठरले आणि जेध्यांनी तो सोडला, असे त्यांच्याच घराण्याच्या करिन्यात, म्हणजे हक्कांचा पूर्वेतिहास सांगणाऱ्या निवेदनात, नोंदलेले आहे. या घटनेचे महत्त्व मानाच्या अदलाबदलीपेक्षा अधिक आहे. वतन हलवता येत नव्हते, म्हणून राज्यकर्त्याने हलवता येण्यासारखी गोष्ट हलवली. जेध्यांचे वतन जागच्या जागी राहिले, बांदलांचेही राहिले, आणि तरीही कोणाची किंमत वाढली हे सर्व मावळाला समजले.

वतनदाराबाबत जे शक्य नव्हते ते किल्ल्यावरील नोकरदाराबाबत शक्य होते, आणि तेथे व्यवस्था निराळी बांधली गेली. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत. हवालदाराकडे गडाचा कारभार आणि किल्ल्या, सरनोबताकडे शिबंदी, तर सबनीसाकडे हजेरी आणि लेखन असे. धान्य, दारूगोळा आणि इतर साठ्याची व्यवस्था कारखानीस पाही. पहिले तिघे एकमेकांवर नजर ठेवत, त्यामुळे एकट्याने किल्ला शत्रूच्या हवाली करणे अवघड होई. रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या आज्ञापत्रात या रचनेला बदलीचा नियम जोडलेला आहे. त्यानुसार हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, तर सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी दुसऱ्या गडावर पाठवावे. या नियमात बदली ही शिक्षा नसून नित्याचा क्रम ठरतो. माणूस कमी पडला म्हणून त्याला हलवावे, असा प्रसंगच सहसा उद्भवू नये आणि गडाभोवतीच्या वतनदारांशी त्याचे हितसंबंध जुळण्याआधीच तो दुसरीकडे जावा, असा त्यामागचा विचार आहे. मुदती वेगवेगळ्या ठेवल्यामुळे सर्व अधिकारी एकाच वेळी नवखे राहत नाहीत, हा त्यातील सूक्ष्म भाग आहे.

माणसांनंतर किल्ल्यांचा विचार येतो, आणि येथे राखणे किंवा देणे हा प्रश्न उघड हिशेबाचा होता. मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंग यांनी 1665 मध्ये पुरंदराला वेढा घातला. एप्रिलमध्ये शेजारचा वज्रगड पडला, मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले, आणि जूनमध्ये महाराजांनी तह केला. तहान्वये 23 किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना गेला, तर 12 किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख महाराजांकडे उरला. होन हे त्या काळचे सोन्याचे नाणे होय. या प्रदेशापुरते पाहिल्यास विभागणी बोलकी आहे. पुण्याच्या आणि नीरेच्या मोकळ्या मुलखाकडे तोंड असलेले पुरंदर, कोंढाणा आणि भोरजवळचा रोहिडा गेले, पण डोंगरांच्या गाभ्यातील राजगड आणि तोरणा राहिले. राजगड तेव्हा राजधानी होता, त्यामुळे तो हातचा सुटला असता तर राज्याचा कणाच मोडला असता. उलट मोगली फौजांच्या वाटेवरचे किल्ले तशाच वेढ्यांत एकामागून एक गेले असते, आणि त्यांच्यासाठी लढताना माणसे गेली असती. तहात किल्ले गेले, पण शिबंदी वाचली. तिच्याच बळावर 1670 मध्ये कोंढाणा 4 फेब्रुवारीला, पुरंदर मार्चमध्ये आणि रोहिडा जूनमध्ये परत आले. त्यानंतर राजगडाचीही पाळी आली. सुमारे पाव शतक राजधानी असलेला हा गड मागे ठेवून राजधानी रायगडी नेण्यात आली. तरीही राजगड सोडला गेला नाही, त्याचे काम तेवढे बदलले.

औरंगजेबाच्या स्वारीत 1704 च्या प्रारंभी राजगड आणि तोरणा मोगलांकडे गेले आणि पुढे परत मराठ्यांच्या हाती आले. या भागातील किल्ले पुन्हा मिळवण्यात शंकराजी नारायण सचिव यांचा वाटा मोठा होता. सचिव म्हणजे राज्याच्या दप्तराची आणि हिशेबाची देखरेख करणारा अष्टप्रधानांपैकी एक प्रधान. त्यांनी छत्रपती राजारामांच्या विधवा ताराबाई यांच्या पक्षाशी निष्ठेची शपथ घेतली होती, आणि 1707 मध्ये संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून येऊन गादीवर हक्क सांगू लागल्यावर ती शपथ त्यांच्या गळ्याशी आली. भोरजवळ आंबवडे येथे त्यांनी देह ठेवला; त्यांची समाधी तेथे आहे. शाहूंपुढे आता सचिवपदाचा प्रश्न होता, कारण पद विरोधी पक्षाच्या घराण्याकडे होते आणि वारस नारो शंकर अजून बालवयातले होते. त्यांनी पद त्याच घराण्यात राखले. मुलाच्या कर्तृत्वाची परीक्षा होण्याचे वय नव्हते. शाहूंनी वजनात घेतले ते सचिवांच्या ताब्यातले गड आणि त्या गडांवरील माणसे. जुने घराणे दूर केले असते तर हीच माणसे ताराबाईंच्या बाजूला गेली असती.

सचिवांच्या ताब्यातील गडांची देवाणघेवाण पुढच्या पिढीत घडली. दमाजी थोराताच्या कैदेतून बालसचिवाची सुटका करण्यात शाहूंच्या बाजूचे बाळाजी विश्वनाथ यांनी पुढाकार घेतला, आणि त्याची परतफेड म्हणून सचिवांच्या मातोश्रींनी पुरंदर किल्ला त्यांच्या हवाली केला. खरी अदलाबदल मात्र 1750 मधली होय. शाहूंचे निधन डिसेंबर 1749 मध्ये झाल्यानंतर ताराबाई सिंहगडावर राजारामांच्या समाधीच्या निमित्ताने राहिल्या आणि सचिवांना आपल्याकडे वळवू लागल्या. पुण्याच्या उंबरठ्यावरचा किल्ला असा दुसऱ्याच्या हाती राहणे नानासाहेब पेशव्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी चिमणाजी नारायण सचिवांकडून सिंहगड घेतला आणि त्या बदल्यात पवन मावळातील तुंग आणि तिकोना हे किल्ले दिले. बलाढ्य बाजूने सक्तीने किल्ला हिरावला नाही, तर मोबदला ठरवून तो घेतला, हे या व्यवहाराचे वैशिष्ट्य आहे.

त्या व्यवहाराचे वजन दोन्ही बाजूंनी वेगवेगळे ठरते. पेशव्यांना सिंहगडाचे मोल त्याच्या जागेमुळे होते. सचिवांना मात्र तोच गड शाहूंनंतरच्या राजकारणात अडचणीचा झाला होता, कारण तो ठेवणे म्हणजे दोन पक्षांच्या ओढाताणीत सापडणे होते. तुंग आणि तिकोना सचिवांच्या हातात तसा धोका आणणारे नव्हते. पुढे भोर संस्थानाचे पाच तालुके विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड या नावांनी ओळखले जात, आणि विचित्रगड म्हणजे रोहिडा, तर प्रचंडगड म्हणजे तोरणा. यांतील पवनमावळ तालुका सिंहगडाच्या बदल्यात मिळालेल्या गडांच्याच खोऱ्यातला आहे, आणि 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तो भोरकडेच राहिला. ज्या खोऱ्यात वतन हलत नव्हते, तेथे किल्ला हलला तर त्याची नोंद राज्याच्या नकाशातच होत असे.

सर्व उदाहरणे एकत्र पाहिल्यास एक मापदंड स्पष्ट होतो. एखाद्या पराभवाने किंवा अडखळण्याने माणूस टाकला जात नव्हता; बांदल हरूनही राखले गेले आणि सचिवांचे बाळ अननुभवी असूनही पदावर राहिले, कारण त्यांच्यासोबत येणारे बळ दुसऱ्याकडून मिळण्यासारखे नव्हते. फितुरीला मात्र क्षमा नव्हती. किल्ल्यांच्या बाबतीत तोच हिशेब उलट दिशेने चाले. जागा बदलून काम साधत असेल, किंवा देऊन माणसे वाचत असतील, तर किल्ला देण्यास हरकत नसे. एखादी गोष्ट सोडावी की राखावी याचा निर्णय ती अलीकडे कशी वागली यावरून न घेता, तिच्या जागी दुसरे काय उभे करता येईल यावरून घेणे, हे या खोऱ्यांतील राज्यकर्त्यांचे धोरण होते, आणि ज्या वेळी त्यांनी त्याचे पालन केले त्या वेळी ते नुकसानीत आले नाहीत.