अर्धं नाव पाचगणीचं

'क्वीन' बँडच्या फ्रेडी मर्क्युरीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो तर आपला, पाचगणीचा!" मीही म्हणतो. पण खरंच कितपत आपला?

जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. घर पारशी, नाव फारुख बलसारा. आठव्या वर्षी आईवडिलांना सोडून समुद्रापार, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथे पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे मुख्य गायक दुसराच, हे महाशय पियानोवर! पुढे १९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये 'क्वीन' जन्माला आला. १३ जुलै १९८५ला 'लाइव्ह एड'मध्ये त्याने अख्खं वेम्ब्ली स्टेडियम वीसेक मिनिटं मुठीत ठेवलं.

मुलाखतींत मात्र भारताबद्दल तो फारसं बोलला नाही. आजारपणही झाकलेलंच... एड्सचं निवेदन २३ नोव्हेंबर १९९१ला आलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. वय अवघं ४५. अंत्यसंस्कार मात्र पारशी धर्मगुरूंनी केले.

ज्याने स्वतः कधी मिरवलं नाही, त्याचं नातं आपण किती मिरवायचं? मला वाटतं, 'फ्रेडी' ही हाक शाळेतल्या दोस्तांची, तेवढी पाचगणीची. 'मर्क्युरी' त्याने नंतर स्वतः घेतलं आणि कमावलंही स्वतःच. अर्ध्या नावावर समाधान मानायला काय हरकत आहे?