मेगाअपलोड : एक लिंक, एक नोटीस आणि अडकलेल्या फायली

ई-मेलला मोठी फाइल जोडता येत नसे, त्या काळात फाइल-होस्टिंग सेवा वाढल्या. फाइल कंपनीच्या सर्व्हरवर चढवायची आणि मिळालेली लिंक हव्या त्या माणसाला पाठवायची, एवढाच व्यवहार. जर्मनीत सुरू होऊन पुढे स्वित्झर्लंडला गेलेली रॅपिडशेअर आणि 2005 साली हाँगकाँगमधून सुरू झालेली मेगाअपलोड या त्यांतल्या मोठ्या सेवा. फुकट डाउनलोड करणाऱ्याला ताटकळावे लागे. पैसे भरणाऱ्याचे काम लगेच होई. या सोयीचा लाभ स्वतःचे काम जपणाऱ्यांनी घेतला, तसा चोरीचे चित्रपट वाटणाऱ्यांनीही घेतला.

या सेवांचा कायदेशीर आधार होता अमेरिकेचा 1998 चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा. त्याच्या 512व्या कलमानुसार, ग्राहकाने चढवलेल्या मजकुराबद्दल कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. मात्र हक्कदाराची नोटीस येताच तो मजकूर तातडीने काढावा लागतो. ग्राहकाने उलट नोटीस दिली आणि हक्कदार कोर्टात गेला नाही, तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत फाइल पूर्ववत करायची असते. वारंवार उल्लंघन करणाऱ्याचे खाते बंद करण्याचे धोरणही कंपनीला ठेवावे लागते. ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा, हे कायदा सांगत नाही. त्यामुळे खात्याचे भवितव्य बहुतांशी कंपनीच्या नियमांवर ठरते.

मेगाअपलोडचा खटला एका तांत्रिक मुद्द्याभोवती फिरला. फाइल चढवताना तिच्यातील मजकुरावरून एक सांकेतिक आकडा काढला जाई. तोच आकडा आधी नोंदलेला असेल, तर फाइल पुन्हा न साठवता फक्त नवी लिंक दिली जाई. म्हणजे फाइल एक आणि लिंका अनेक. नोटीस आली की तेवढी लिंक तोडली जाई. फाइल आणि बाकीच्या लिंका शाबूत राहत. अमेरिकी सरकारच्या मते ही फसवणूक होती. दुसरी बाजू अशी की, तीच फाइल दुसऱ्या एखाद्याने कायदेशीरपणे ठेवलेली असू शकते.

19 जानेवारी 2012 रोजी अमेरिकेने ही सेवा बंद पाडली. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळ संस्थापक किम डॉटकॉम यांच्या घरावर छापा पडला. कंपनीने 17.5 कोटी डॉलर कमावले आणि हक्कदारांचे 50 कोटींहून अधिक डॉलरचे नुकसान केले, असा आरोप होता.

सर्वांत मोठा अन्याय प्रामाणिक ग्राहकांवर झाला. व्हर्जिनियातील एका होस्टिंग कंपनीकडे सुमारे 1,100 सर्व्हरवर 25 पेटाबाइट मजकूर होता. पैसा गोठवल्यामुळे त्याचे भाडे थकले. नेदरलँड्समधील 630 सर्व्हर 2013 मध्ये पुसले गेले. ओहायोमध्ये शाळांच्या सामन्यांचे चित्रीकरण करणाऱ्या एका व्यावसायिकाची हार्ड डिस्क छाप्याच्या काही दिवस आधीच बिघडली होती आणि दुसरी प्रत मेगाअपलोडवर होती. स्वतःच्याच चित्रफिती परत मिळाव्यात म्हणून त्याला वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढावी लागली. नोटिशीच्या वाटेने फाइल गेली, तर उलट नोटीस देता येते. सगळी सेवाच जप्त झाली, तर ग्राहकासाठी तशी कोणतीही ठरलेली वाट नव्हती.

या कारवाईने इतर सेवाही धास्तावल्या. फाइलसॉनिकने तीनच दिवसांत फाइल-वाटप थांबवले. हॉटफाइल डिसेंबर 2013 मध्ये बंद झाली. रॅपिडशेअरने 31 मार्च 2015 ला कारभार आटोपला. पण तिने आधी सूचना दिल्यामुळे ग्राहकांना आपला मजकूर उतरवून घ्यायला अवधी मिळाला. डॉटकॉम यांनी 19 जानेवारी 2013 रोजी सुरू केलेल्या मेगा सेवेत फाइल ग्राहकाच्याच संगणकावर कुलूपबंद होऊन पुढे जाते.

भारतात 2012 ची कॉपीराइट दुरुस्ती आणि 2013 चे नियम लागू आहेत. लेखी तक्रारीची खातरजमा झाल्यावर कंपनीने 36 तासांत मजकूर रोखायचा असतो. तक्रारदाराने 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर कंपनी तो पुन्हा खुला करू शकते. मराठी चित्रपटाचा निर्माता आणि स्वतःच्या फायली साठवणारा सामान्य ग्राहक, दोघांचेही हित या मुदतींत गुंतलेले आहे.