लिंडी रिग: सरकत्या शिशाची कुळकथा

वॉलआय आमिष तोंडात धरतो आणि जरा थांबतो. तेवढ्यात शिशाचं ओझं जाणवलं, तर आमिष थुंकून चालता होतो. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला हा मासा. मिनेसोटाने १९६५ साली त्याला राज्याचा मासा ठरवलं. तिथे गळ टाकणाऱ्यांना त्याच्या या संशयी स्वभावाने फार छळलं होतं. त्यावर चांगला तोडगा निघाला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस, तिथल्याच ब्रेनर्ड गावात. काढणारे दोघे भाऊ, रॉन आणि अ‍ॅल लिंडनर, मूळचे शिकागोकडचे.

हा तोडगा म्हणजे लिंडी रिग. रिग म्हणजे गळाची जुळणी, आणि हिची मांडणी अगदी साधी आहे. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, शिशाच्या भोकातून ओवायची, खाली अडसर म्हणून छोटी फिरकी बांधायची, पुढे दोन ते सहा फूट दोरी सोडून टोकाला बारीक गरी. मासा आमिष घेऊन निघाला, की दोरी भोकातून सरकते आणि शिसं तळाशीच राहतं. सरकतं शिसं लिंडनरांच्या आधीपासून वापरात होतं. पण गोल गोळी खडकांच्या फटीत रुतायची. या भावांनी शिसं चपटं केलं, खालचं टोक बुटाच्या तळव्यासारखं वळवलं आणि भोक वरच्या टोकाला नेलं. आता ते दगडगोट्यांवरून चालत जाऊ लागलं.

तरी या रिगचं खरं कूळ मला शिशात दिसत नाही. मासा तळावर नेमका कुठे असतो हे कळल्याशिवाय तळावर चालणारं शिसं काय कामाचं? नॉर्थ कॅरोलायनाचे बक पेरी भौतिकशास्त्र शिकवत. मासे बहुतेक वेळ खोल पाण्यात असतात आणि तळाच्या चढउतारांच्या वाटेने उथळात येतात, हे त्यांनी जीव तोडून लोकांना समजावलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कार्ल लोरन्स यांनी ध्वनिलहरींनी खोली मोजणारी हिरवी पेटी बाजारात आणली. तबकडीवर लुकलुकणाऱ्या दिव्यावरून तळ किती खोल आहे ते कळे. पेरींचा विचार आणि लोरन्सची पेटी हाताशी आल्यावरच लिंडनरांच्या शिशाला अर्थ आला. म्हणून पेरींचं ऋण मी सगळ्यांत मोठं मानतो.

चालवण्याची तऱ्हाही निराळी. मिनेसोटात होडी उलटी, मागच्या बाजूने, अगदी संथ नेतात, म्हणजे वाऱ्यातही ती खडकाच्या कडेवर धरून ठेवता येते. रिळाची कडी उघडी ठेवून दोरी तर्जनीवर पेलायची. बोटाला बारीकसा टोला बसला, की बोट उचलायचं आणि दोरी जाऊ द्यायची. काही क्षण थांबून सैल दोरी गुंडाळायची, मग लांब झोकाने ओढायचं. त्या क्षणी हात आवरणं हेच सगळ्यांत अवघड.

बाकी सगळं पाणी ठरवतं. वॉलआयच्या डोळ्यांत उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक पाण्यात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. लख्ख, निवांत दुपारी तो खोल जातो. वाऱ्याने लाटा उठल्या आणि आतला उजेड मोडला, की कडेला चरायला येतो. खोली आणि वारा वाढला तर शिसं जड हवं, साधारण साडेतीन ग्रॅमपासून चौदापर्यंत. वसंतातल्या थंड पाण्यात ओठांतून टोचलेली छोटी मासळी, पाणी तापू लागलं की जळू, भर उन्हाळ्यात मोठं गांडूळ. त्या गांडुळाच्या अंगात सुई लावलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीने हवेचा थेंबभर फुगा भरतात. मग ते शेवाळात न लोळता तळापासून थोडं वर तरंगतं.

अलीकडे मिनेसोटातल्या मिल लाक्ससारख्या सरोवरांत बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून नितळ केलंय. तिथे शिसं आणि गरी यांमधली दोरी लोक सहा फुटांच्याही पुढे नेतात, आणि ती पाण्यात सहजी न दिसणाऱ्या फ्लुरोकार्बनची घेतात.