तुपाची परीक्षा : कौटिल्यापासून सरकीपर्यंत

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी त्याचा जबडा उघडतो. दातांवरून वय कळतं. मग चाल बघतो, मग अंगावरचे भोवरे. विकणाऱ्याच्या नुसत्या शब्दावर इथे कुणी पैसे मोजत नाही. तोच माणूस घरी जाताना तुपाचा डबा घेतो, तेव्हा मात्र वरचं गाईचं चित्र पाहून समाधान मानतो. तुपाला दात नसतात, हा त्याचा दोष नव्हे.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. तूप म्हटलं की आम्हाला तो नैयायिक पंडित आठवतो. तुपाला भांड्याचा आधार की भांड्याला तुपाचा, हे ठरवण्यासाठी त्याने भांडं उपडं केलं. पण आजचा आपला प्रश्न जरा व्यवहारातला आहे. हे तूप चांगलं आहे असं आपण म्हणतो, ते कोणत्या प्रमाणाने? प्रत्यक्षाने, अनुमानाने, की कुणाच्या शब्दाने? तुपाचा इतिहास एका अर्थी या तीन प्रमाणांच्या ओढाताणीचाच इतिहास आहे.

आधी शब्द पाहू. आपण 'साजूक तूप' म्हणतो. साजूक म्हणजे ताजं. संस्कृतातल्या 'सद्यस्'शी त्याचं नातं सांगतात. 'लोणकढं' म्हणजे नुकतंच लोणी कढवून केलेलं. ताज्या बनावट बातमीला लोणकढी थाप म्हणतात ती त्यावरूनच. लक्षात घ्या, या दोन्ही शब्दांत विचारलंय ते तूप कधी केलं, एवढंच. त्यात दुसरं काही मिसळलंय का, हा प्रश्नच नाही. गाय दारात, रवी घरात, बेरी खरवडून खाणारी पोरं चुलीपाशी. भेसळीचा संशय घ्यायचा कुणावर? लोणी फार दिवस साठवलं तर आंबतं आणि तूप खवट होतं, एवढीच काय ती धास्ती.

अर्थात राज्यकर्त्याला हिशेब लागतोच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोधनाच्या अध्यक्षाचं प्रकरण आहे. गाईच्या एक द्रोण दुधापासून एक प्रस्थ तूप, म्हणजे सोळाव्या हिश्शाइतकं, निघावं. म्हशीच्या दुधापासून त्याच्या पाचव्या भागाने अधिक. पण पुढे तो जे म्हणतो ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. खरं प्रमाण घुसळण्यातूनच ठरवावं, कारण जमीन, गवत आणि पाणी यांच्या फरकाने दूध-तूप कमीजास्त होतं, असं त्याचं सांगणं आहे. हे वाक्य मनात असू द्या, खानदेशात परत यायचंय.

तूप दारातून बाजारात गेलं आणि शब्दाचं प्रमाण डळमळलं. 1917 साली कलकत्त्यात तुपात चरबी मिसळल्याचं उघड झालं, तेव्हा लोकांनी नदीकाठी प्रायश्चित्तं घेतली. पुढे हॉलंडहून 'वनस्पती तूप' येऊ लागलं. 1932 मध्ये मुंबईत शिवडीला त्याचा कारखाना निघाला आणि 1937 मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आलं. पिवळा डबा, त्यावर झाड. वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं आणि तुपासारखी कणीही आणायची. तुपाची जी प्रत्यक्ष खूण, रवाळपणा, तीच कारखान्यात तयार होऊ लागली. डोळ्यांचं प्रमाण तिथेच बाद झालं. 'शुद्ध तूप', 'अस्सल तूप' ही पाटी दुकानावर लावण्याची गरज त्यानंतरची. योगायोग असा की त्याच 1937 साली शेतमालाची प्रतवारी करणारा अॅगमार्कचा कायदाही झाला.

गांधीजींनी 'हरिजन'मधून वनस्पतीवर टीका केली, बंदीची मागणी संसदेतही झाली. रंग घालून ते वेगळं दाखवावं असाही विचार झाला, पण टिकणारा आणि निरुपद्रवी रंग काही जमला नाही. सरकारने मग एक युक्ती केली. वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाच्या तेलात असा घटक असतो की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याशी त्याचा संबंध आला की लाल-किरमिजी रंग उमटतो. हीच बोडवॅं चाचणी. म्हणजे चोराच्या घरात सरकारने आधीच आपला साक्षीदार ठेवून दिला! हे उत्तम अनुमान. फक्त ते वनस्पतीपुरतंच चालतं. भेसळ करणाऱ्याने तीळ नसलेलं पामतेल वापरलं की साक्षीदार गप्प.

दुसरी कसोटी राइखर्ट-मायस्ल अंकाची. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्लासारखी, वाफेबरोबर उडणारी आम्लं भरपूर असतात. बहुतेक तेलांत ती जवळजवळ नसतातच. अंक खाली आला की भेसळीचा संशय. जुन्या अॅगमार्कमध्ये 'स्पेशल' तुपाला हा अंक किमान 28 हवा असे.

आणि इथे आपला खानदेश अडचणीत येतो. हा कापसाचा मुलूख. आपल्या म्हशी सरकी आणि सरकीची ढेप खातात. अशा दुधाचं तूप घट्ट, जाड कणीचं होतं आणि त्याचा तो अंक मुळातच कमी भरतो. एवढंच नव्हे, सरकीचं तेल हुडकणारी हाल्फेन नावाची चाचणीही त्यात होकारार्थी येते, कारण सरकीतला तो घटक जनावराच्या शरीरातून दुधात उतरतो. शहादा-दोंडाईच्याकडची एखादी बाई स्वतःच्या हाताने लोणी कढवून तूप विकायला नेईल, आणि प्रयोगशाळेतला कागद तिला भेसळखोर ठरवेल. कागद खोटं बोलत नाही, तरी निष्कर्ष खोटा! धूर दिसला म्हणून अग्नी मानावा, पण तो धूर की धुकं हे आधी पाहावं लागतं. तर्कशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. इथे तो बाईला कोर्टात उभं करू शकतो.

म्हणूनच 1954 च्या अन्नभेसळ कायद्याखालच्या नियमांत महाराष्ट्राचे दोन भाग पाडले होते, कापूसपट्टा आणि इतर. कापूसपट्ट्यातल्या तुपासाठी किमान अंक खाली ठेवला होता. कौटिल्याचं गवत-पाणी असं दोन हजार वर्षांनी सरकारी तक्त्यात आलं. अर्थात ही सवलत लबाडालाही उपयोगी पडते, हे सांगायला नको.

आता घरच्यासाठी तूप घ्यायचं तर? तळहातावर वितळलं म्हणजे शुद्ध, हे सोडून द्या. वनस्पतीचा वितळणबिंदूही नियमाने 31 ते 37 अंश सेल्सिअस ठरवलेला होता, आणि आपला हात त्याच आसपास गरम असतो. आयोडिनच्या थेंबाने फक्त बटाटा किंवा पीठ मिसळलेलं कळतं. आम्लाचे प्रयोग घरी करूच नका. गाईचं तूप पिवळसर, म्हशीचं पांढरं, हे मात्र खरं. गाईच्या दुधात कॅरोटीन उतरतं, म्हैस त्याचं जीवनसत्त्व करून टाकते. डब्यावर अॅगमार्क आहे का, ते पाहा. जुन्या प्रतवारीत मुक्त आम्लाची मर्यादा 'स्पेशल'ला 1.4 टक्के होती आणि 'जनरल'ला 2.5. कमी आम्ल म्हणजे लोणी ताजं होतं. बघा, साजूक शब्द इथे आकडा होऊन बसलाय.

अलीकडे 'ए2' तुपाचा बोलबाला आहे. ए2 हा दुधातल्या प्रथिनाचा प्रकार. तुपात जवळजवळ सगळा स्निग्धांशच असतो, प्रथिन नावालाही उरत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट 2024 मध्ये असे दावे काढून टाकायला सांगितलं आणि काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली. त्या शब्दासाठी जादा पैसे मोजायचे की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही मोजत नाही.

भावाचा हिशेब मात्र कौटिल्याच्या पद्धतीने जरूर करा. म्हशीच्या दुधात साडेसहा टक्के स्निग्धांश धरला तर किलोभर तुपाला पंधरा-सोळा लिटर दूध लागतं; गाईचं असेल तर पंचवीसच्या आसपास. उरलेलं ताक किंवा भुकटीचं दूध विकून डेअरी थोडी भरपाई करते, हे वजा धरा. तरीही किलोचा भाव दुधाच्या भावाशी अजिबात जुळत नसेल, तर झाकण उघडायचीसुद्धा गरज नाही. आणि गावातच कुणाकडून घेणार असाल, तर एवढं विचारा : म्हैस काय खाते, लोणी किती दिवसांचं आहे, आणि कढवताना आम्ही येऊन बसलो तर चालेल का?