कोण हा गायकवाड?

२०२५ च्या मे महिन्यात बानू मुश्ताक यांना आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाल्याची बातमी आली, त्या सकाळी मी भिवंडीत तीनबत्तीजवळ चहा पीत होतो. अर्ध्या तासात तिघांनी मला विचारलं, "या बाई कोण?" मी कविता करतो, म्हणून मला हे माहीत असणारच, अशी लोकांची समजूत. चौथ्याने विचारलं नाही, सांगितलंच, "अपनी है!" त्याने बाईंचं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही तोवर नव्हतं वाचलं. हासनमध्ये राहणाऱ्या, वकिली केलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या या कन्नड लेखिकेच्या बारा कथा दीपा भास्ती यांनी इंग्रजीत नेल्या. कथासंग्रहाला तो पुरस्कार मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

"कोण?" आणि "आपली!" हे दोन्ही उद्गार मी पूर्वी ऐकले होते. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मराठीत 'उचल्या' या पुस्तकाला जाहीर झाला, तेव्हा. मी बीएच्या पहिल्या वर्षाला होतो. दिवसा कॉलेज, रात्री कांडी मशीन, आणि मधल्या वेळात वाचनालय. तिथे पेपराच्या टेबलाभोवती रोजची चार-पाच वडीलधारी मंडळी असत. त्यांच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कोण हा गायकवाड?"

प्रश्नात निव्वळ तुच्छता होती असं मी म्हणणार नाही. आदल्याच वर्षी हा पुरस्कार रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथाला मिळाला होता. जन्मभर पोथ्या, दैवतं आणि लोकपरंपरा धुंडाळणारा तो संशोधक. त्याच्या पाठोपाठ लक्ष्मण गायकवाड. गाव लातूरजवळचं धनेगाव, सूतगिरणीत कामगार, कामगारांच्या चळवळीत कार्यकर्ता. आणि पुस्तक पहिलंच, १९८७ मध्ये निघालेलं. एवढी उडी गुरुजींना झेपेना. खरं तर १९८१ मध्ये लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला हाच पुरस्कार मिळाला होता, म्हणजे वाट अगदीच नवी नव्हती. पण तेव्हाही पुष्कळांनी हा एखाददुसरा अपवाद म्हणून सोडून दिलं असावं.

टेबलावर मग वाद रंगला. कुणी म्हणालं, सरकारी सहानुभूतीचं बक्षीस आहे. कुणी म्हणालं, हे साहित्य नव्हे, फिर्याद आहे. पुस्तक कुणीच वाचलेलं नव्हतं. वाचनालयात त्याची एकच प्रत होती. नंबर लावून माझी पाळी यायला दोन महिने लागले. वादाचा एक फायदा एवढाच, की वाद घालणाऱ्या प्रत्येकाने नंबर लावला होता.

प्रत हातात आली आणि मी चकित झालो. माझ्याआधीच्या कुणीतरी पेन्सिलीने बोलीतले शब्द शुद्ध करून ठेवले होते! समासात नीटस अक्षरात प्रमाण मराठीतलं रूप, मूळ शब्दाखाली रेघ. सुरुवातीला प्रत्येक पानावर पाच-सहा दुरुस्त्या. पुढे त्या विरळ होत गेल्या. पुस्तकाच्या साधारण मध्यावर पेन्सिल थांबली ती थांबलीच. हा वाचक कंटाळला असेल, की वाचता वाचता दुरुस्ती करायचं विसरून गेला असेल? अक्षर मला ओळखीचं वाटत होतं. विचारायचा धीर झाला नाही.

माझ्या मामूंना मराठी वाचता येत नसे, उर्दू येई. लूमवर उभं राहून त्यांची हयात गेली. शुक्रवारी लूम बंद असत. त्या दुपारी मी त्यांना त्यातली पानं वाचून दाखवू लागलो. लेखक सूतगिरणीतला आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आपल्यातलाच." पुढे पोलिसांपुढे हजेरी देण्याचा विषय आला. मी पुस्तकी हुशारीने समजावायला लागलो. १८७१ मध्ये इंग्रजांनी एक कायदा केला, त्याखाली जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या, माणसांना ठरल्या वेळी हजेरी आणि गाव सोडायला परवानगी सक्तीची केली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. तरी पोलीस यायचे थांबले नाहीत. मामूंनी हात वर केला. "हजेरी काय असते ते मला नको सांगू. पुढे वाच." १९८४ च्या दंगलीला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. मी पुढे वाचलं.

त्या दुपारपर्यंत मी पुरस्काराच्या बातम्या परीक्षेच्या निकालासारख्या वाचत असे. पहिला कोण आला, एवढंच. मराठीत कविता लिहायची हिंमतही त्यानंतरच आली. पुढे एका छोट्या काव्यस्पर्धेत मला बक्षीस मिळालं. व्यासपीठावरच्या एका गृहस्थांनी माझं कौतुक केलं ते असं : "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" कवितेबद्दल ते काही बोलले नाहीत. खाली आल्यावर मोहल्ल्यातल्या एकाने मिठी मारली, कविता त्यानेही ऐकली नव्हती. दोघांचंही मन स्वच्छ होतं. पण घरी येताना मला गुरुजी फार आठवले. त्यांनी निदान पुस्तकाशी भांडण तरी केलं होतं.

नंतरही असे धक्के बसले. १९९५ मध्ये वाशिमचे नामदेव कांबळे 'राघववेळ'साठी अकादमीचा पुरस्कार, २०१८ मध्ये जत तालुक्यातले नवनाथ गोरे 'फेसाटी'साठी अकादमीचा युवा पुरस्कार घेऊन आले. गोऱ्यांचं कौतुक छायाचित्रांसह झालं. २०२० च्या टाळेबंदीत कंत्राटी प्राध्यापकी गेली आणि ते शेतात मजुरीला जातात, अशी बातमी आली, तेव्हा पुष्कळांना त्यांचं नाव दुसऱ्यांदा कळलं. बातमीनंतर त्यांना नोकरी मिळाली, हे चांगलंच झालं. त्या आठवड्यात मला भेटलेल्या लोकांपैकी हळहळणारे पुष्कळ होते, 'फेसाटी' वाचलेला एक निघाला.

बुकरच्या बातमीनंतर मी जुन्या वाचनालयात गेलो. 'उचल्या'ची तीच प्रत, बांधणी नवी. तारखांचा कागद मात्र जुनाच चिकटवला होता. १९८९ चे शिक्के एकमेकांवर चढलेले, मग मोकळी जागा, मग मधूनच एखादा. बांधणाऱ्याने समास कापले आहेत, त्यात दुरुस्त्या अर्ध्या अर्ध्या गेल्या. रेघा आहेत.

मी पुस्तक माझ्या नावावर घेतलं. शिक्का मारताना ग्रंथपाल मुलीने मुखपृष्ठ पाहिलं आणि विचारलं, "सर, हे कोण?"