अँटिऑक्सिडंट्स : ताटातील मित्र, गोळीतील कोडे

चहाच्या पाकिटापासून चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ हा शब्द आज सर्वत्र झळकताना दिसतो. हे घटक शरीराला हितकारक आहेत, याविषयी दुमत नाही. मात्र ते गोळीच्या रूपात जास्त घेतले म्हणजे फायदाही जास्त होतो, हा समज विज्ञानाच्या कसोटीवर टिकलेला नाही.

मुक्त कण म्हणजे काय?

अन्नापासून ऊर्जा मिळवण्यासाठी आपल्या पेशी प्राणवायूचा वापर करतात. या प्रक्रियेत प्राणवायूचे काही अस्थिर, अतिक्रियाशील रेणू तयार होतात. त्यांपैकी ज्यांच्यात एखादा इलेक्ट्रॉन एकटा, जोडीविना उरतो, त्यांना ‘फ्री रॅडिकल्स’ किंवा मुक्त कण म्हणतात. शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिरावून घेऊन ते स्वतः स्थिर होतात. पण त्या ओढाताणीत पेशींचे आवरण, प्रथिने आणि डीएनए यांना इजा पोहोचते. तंबाखूचा धूर, वाहनांचे प्रदूषण, अतिनील किरण आणि किरणोत्सर्ग यांमुळे या कणांत भर पडते.

मुक्त कणांना निष्प्रभ करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट्स. यांतील महत्त्वाचे पदार्थ शरीर स्वतःच तयार करते. ग्लुटाथिओन हे त्याचे उदाहरण. सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे कार्य मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकी संशोधकांनी १९६९ मध्ये उलगडले. ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे व बीटा-कॅरोटीन मात्र आहारातून मिळवावी लागतात. हल्लेखोर आणि रक्षक यांचा तोल बिघडला की त्या अवस्थेला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात. मधुमेह, रक्तवाहिन्यांचे काठिण्य, कर्करोग, पार्किन्सन, मोतीबिंदू अशा अनेक विकारांत ही अवस्था आढळते. मात्र ती प्रत्येक वेळी आजाराचे कारण असते, की परिणाम, हे ठरवणे सोपे नाही.

वार्धक्यामागे मुक्त कणांचा हात असावा, हा सिद्धान्त डेन्हॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. पुढे भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग व हृदयविकार कमी आढळतात, असे निरीक्षण पुढे आले. मग त्यातील जीवनसत्त्वे गोळीतून दिली तर? या प्रश्नाने मोठ्या चाचण्यांना जन्म दिला.

फिनलंडचा धक्का

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना पाच ते आठ वर्षे ‘ई’ जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, दोन्ही अथवा निव्वळ दिखाऊ गोळी देण्यात आली. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेत धूम्रपान करणारे व अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार अशा १८,३१४ जणांवर बीटा-कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची चाचणी सुरू होती. तेथेही फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक आढळल्याने ती १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या आणखी एका चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.

असे का घडले?

मुक्त कण हे केवळ शत्रू नव्हेत. रक्तातील पांढऱ्या पेशी याच कणांच्या मदतीने जंतूंचा नाश करतात. ज्यांच्या पेशींना हे कण जन्मतःच तयार करता येत नाहीत, त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. व्यायामाच्या वेळी निर्माण होणारे मुक्त कण शरीराला स्वतःची संरक्षणव्यवस्था बळकट करण्याचा संकेत देतात. ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेमुळे व्यायामाचा इन्शुलिनविषयक लाभ झाकोळला जातो, असे २००९ च्या एका जर्मन अभ्यासात दिसले. शिवाय फळभाज्यांत शेकडो घटक आणि चोथा एकत्र असतात. त्यांपैकी एकच घटक वेगळा काढल्यास तोच परिणाम मिळेल, याची हमी नसते.

अर्थात, गोळ्या सर्वस्वी निरुपयोगी नाहीत. वयोमानाने डोळ्यांतील पटलाची झीज मध्यम टप्प्यावर असेल, तर जीवनसत्त्वे व जस्त यांचे विशिष्ट मिश्रण ती बळावण्याचा धोका कमी करते, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. २०१३ च्या पुढील अभ्यासानंतर त्यातील बीटा-कॅरोटीनची जागा ल्युटीन व झियाझँथिनने घेतली. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत यकृतातील ग्लुटाथिओन भरून काढणारे एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन तर प्राण वाचवते. म्हणजे औषध म्हणून त्यांना स्थान आहे. पण ते नेमक्या विकारात आणि नेमक्या मात्रेत.

काय करावे?

* आवळा, पेरू, लिंबू, टोमॅटो, गाजर, पालेभाज्या आणि शेंगदाणे यांचा आहारात नियमित समावेश असावा.
* ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून काही भाज्या-फळे कच्ची खावीत. गाजराच्या कोशिंबिरीला तेलाची फोडणी दिल्यास बीटा-कॅरोटीन अधिक शोषले जाते.
* धूम्रपान करणाऱ्यांनी, तसेच पूर्वी केलेल्यांनीही बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या टाळाव्यात.
* कर्करोगावर किरणोपचार वा केमोथेरपी सुरू असल्यास, अथवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास अशी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

धूम्रपान सोडणे, पुरेशी झोप, नियमित व्यायाम आणि चौरस आहार हे उपाय जुनेच आहेत. बाटलीबंद गोळीने त्यांची जागा घेतल्याचा पुरावा मात्र अद्याप मिळालेला नाही.